सर्वनामाचा नियम आणि स्त्रीची सनद

इंग्रजीच्या अध्यापनात आवर्जून खोडल्या जाणाऱ्या चुकांमध्ये ‘एव्हरीवन’ या एकवचनी सर्वनामाशी ‘देअर’ या अनेकवचनी रूपाचा अन्वय लावण्याची चूक अग्रभागी असते. वस्तुतः हा प्रयोग चौदाव्या शतकापासून आढळतो. शेक्सपिअर व जेन ऑस्टिन यांनाही तो वर्ज्य नव्हता. तो सदोष ठरवला अठराव्या शतकातील व्याकरणकारांनी. पुल्लिंगी ‘ही’मध्ये (मराठी कानाला हे रूप स्त्रीलिंगी वाटावे, हा योगायोगच) उभय लिंगांचा अंतर्भाव होतो, असे प्रतिपादन ॲन फिशर या व्याकरणकर्तीच्या ग्रंथात येते; १७९५ मधील लिंडली मरे यांच्या व्याकरणाने ‘देअर’च्या जागी ‘हिज’ घालण्याची दुरुस्ती शाळाशाळांतून रुजवली. वचनाची शुद्धी राखण्यासाठी लिंगाची अशुद्धी पत्करली गेली. मराठीची सोय निराळी: ‘नवराबायको आली’ असे नपुंसकलिंगी अनेकवचन येथे सहज चालते, आणि एकाच गुरुजींना ‘ते’ म्हणताना वचनभंग झाला असे कोणी मानत नाही.

हा नियम १८५० मध्ये ब्रिटिश पार्लमेंटने कायद्यात आणला. पुल्लिंगी शब्दांत स्त्रियांचा समावेश मानावा, असे ठरले. त्याची कसोटी लवकरच लागली. १८६७ च्या मताधिकार विधेयकातील ‘मॅन’ काढून ‘पर्सन’ घालावा ही जॉन स्टुअर्ट मिल यांची सूचना ७३ विरुद्ध १९६ मतांनी फेटाळली गेली. पुढच्याच वर्षी मँचेस्टरच्या पाच हजारांहून अधिक स्त्रियांनी १८५० च्या नियमाच्या आधारे मताधिकार मागितला, तेव्हा ‘चोर्लटन विरुद्ध लिंग्ज’ या खटल्यात न्यायालयाने तो नाकारला. कर आणि शिक्षा यांच्या बाबतीत ‘ही’ सर्वसमावेशक. हक्काच्या बाबतीत मात्र तो केवळ पुरुषवाचक!

हिंदुस्थानातही हीच पुनरावृत्ती झाली. १८९७ च्या जनरल क्लॉजेस ॲक्टच्या १३ व्या कलमात तोच नियम होता. परंतु विषय वा संदर्भ विरोधी नसेल तरच, अशी पुस्ती त्याला जोडलेली होती. या पुस्तीतच सारे सामर्थ्य होते. १९१६ मध्ये रेजिना गुहा यांचा वकिलीच्या सनदेचा अर्ज कलकत्ता उच्च न्यायालयाने नाकारला. नाशिकला जन्मलेल्या व पुण्याच्या डेक्कन कॉलेजात शिकलेल्या कॉर्नेलिया सोराबजी यांनी ऑक्सफर्डची बी.सी.एल. परीक्षा १८९२ मध्येच दिली होती. अलाहाबाद उच्च न्यायालयात त्यांची नोंदणी झाली ती १९२१ मध्ये. अखेर १९२३ मध्ये स्त्रियांच्या वकिलीसाठी स्वतंत्र कायदा करावा लागला. ‘ही’मध्ये स्त्री खरोखरच अंतर्भूत असती, तर त्या कायद्याचे प्रयोजनच उरले नसते.

१८६० च्या भारतीय दंड संहितेच्या ८ व्या कलमाने ‘ही’चा अर्थ स्त्री वा पुरुष असा केला होता. १ जुलै २०२४ रोजी अमलात आलेल्या भारतीय न्याय संहितेच्या इंग्रजी पाठात त्यात पारलिंगी व्यक्तींची भर पडली. सर्वनाम मात्र ‘ही’च राहिले.