दातातली कीड, रिंगणीची धुरी आणि ज्ञानाचा हक्क

दाढ ठणकू लागली की खेड्यात आधी लवंग धरतात. तेवढ्याने भागले नाही की अक्कलकाढ्याचे फूल चावतात, नाहीतर निखाऱ्यावर रिंगणीच्या बिया टाकून धुरी घेतात. हे ज्ञान आले कुठून, आणि ते कोणाचे?

विनयपिटकातील महावग्गात औषधांचा स्वतंत्र खंधक आहे. हळद, आले, कडुनिंब, वावडिंग, पिंपळी, हिरडा ही औषधे भगवान बुद्धांनी भिक्खूंना मोकळी केली. चुल्लवग्गात दातवणाचे फायदेही सांगितले आहेत. आता मनुस्मृती पाहा. तिसऱ्या अध्यायात वैद्याला श्राद्धाच्या पंगतीतून वगळले आहे, तर चौथ्या अध्यायात वैद्याचे अन्न म्हणजे पू असे म्हटले आहे. रोग्याच्या पुवाला हात लावणारा माणूस एका परंपरेत आदरणीय ठरला, दुसऱ्या परंपरेत अपवित्र.

पुढे ही विद्या कोणाच्या हाती राहिली? गावोगाव फिरणाऱ्या वैदूंच्या, रानात राहणाऱ्या आदिवासींच्या आणि घरोघरच्या बायांच्या. आपल्या बुलढाणा जिल्ह्यात, सातपुड्याच्या पायथ्याला जळगाव जामोदच्या परिसरात निहाली बोलली जाते. जगातल्या कोणत्याच भाषाकुळात ही भाषा नीट बसत नाही. तिच्यातली वनस्पतींची नावे गेली, तर त्यांच्यासोबतचे ज्ञानही जाईल.

पण आपण बुद्धाचे अनुयायी आहोत. ज्ञान आपल्या माणसांचे आहे म्हणून ते तपासायचे नाही, असे चालणार नाही. दातात किडा असतो ही समजूत जगभर होती. सुश्रुतसंहितेत 'कृमिदंतक' आहे. युरोपात खुरासानी ओव्याच्या बियांची धुरी देत आणि त्या बियांतून सुटलेले पांढरे अंकुर 'किडे' म्हणून दाखवत. रिंगणी त्याच कुळातली. १७२८ साली फ्रान्सच्या पिएर फोशार यांनी किड्याची कल्पना नाकारली. १८९० मध्ये मिलर यांनी मांडले की तोंडातले जंतू अन्नापासून आम्ल तयार करतात आणि त्या आम्लाने दात झिजतो.

मग झाडपाला खोटा का? नाही. लवंगेतले युजेनॉल दुखणे खरोखर कमी करते. झिंक ऑक्साइडमध्ये मिसळून दंतवैद्य आजही ते तात्पुरत्या भरणीत वापरतात. मात्र जंतू दाताच्या गाभ्यात शिरले की धुरी किंवा लवंग तिथवर पोचत नाही. ठणका थांबतो, पण गाभा मेलेला असतो आणि पू मुळाशी साचत राहतो. तो जबड्यात, गळ्यात पसरला तर जीव जाऊ शकतो. अशा वेळी मुळाचा उपचार करावा लागतो किंवा दात काढावा लागतो. गाल सुजला, ताप आला, तोंड उघडेना किंवा गिळता येईना, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठा. गरिबाला झाडपाला आणि श्रीमंताला दंतवैद्य, ही वाटणी आम्हाला मान्य नाही. तालुक्याच्या शासकीय रुग्णालयात दंतचिकित्सा मिळणे हा आपला हक्क आहे.

दुसरा हक्क ज्ञानाचा. १९९५ मध्ये अमेरिकेत जखमेवर हळद लावण्याचे पेटंट दिले गेले. भारताच्या सीएसआयआरने ते १९९७ मध्ये रद्द करून घेतले, तेव्हा संस्कृत ग्रंथ आणि १९५३ चा एक छापील लेख पुरावा म्हणून कामी आला. ज्यांचे ज्ञान कधी छापलेच गेले नाही, त्यांनी काय दाखवावे? २००२ च्या जैवविविधता कायद्याने गावोगाव लोक जैवविविधता नोंदवहीची सोय केली आहे. तरुणांनो, ग्रामपंचायतीत जा आणि ती वही पाहायला मागा. वैदू, निहाल, कोरकू यांचे ज्ञान त्यांच्या संमतीने आणि त्यांच्याच नावे तिच्यात नोंदवा.

जय भीम!