मेगाहर्ट्झची मोजपट्टी : इंटेल, एएमडी आणि वेगाच्या आकड्याची लढाई

१/ रत्नागिरीच्या हापूसची पेटी डझनांत मोजतात. त्याच मापाच्या पेटीत चार डझन बसले तर फळ मोठे, सात डझन बसले तर लहान. मोठा आकडा म्हणजे अधिक आंबा नव्हे, हे कोकणात सर्वांस ठाऊक असते. संगणकाच्या बाजारास मात्र हे उमगण्यास एका तपाहून अधिक काळ लागला.

२/ प्रोसेसरमध्ये एक घड्याळ असते. त्याच्या प्रत्येक ठोक्याला काम एक पाऊल पुढे सरकते. सेकंदाला दहा लाख ठोके म्हणजे १ मेगाहर्ट्झ. वेग मात्र दोन गोष्टींनी ठरतो : ठोके किती आणि एका ठोक्यात काम किती. जाहिरातीत छापला गेला तो केवळ पहिला आकडा.

३/ प्रारंभी ही स्पर्धा नव्हती, भागीदारी होती. आयबीएमला एकाच पुरवठादारावर विसंबायचे नव्हते. म्हणून १९८२ मध्ये इंटेलने एएमडीला आपल्या रचनेचे प्रोसेसर बनवण्याची मुभा दिली. पुढे ३८६ ची रचना देण्यास इंटेलने नकार दिला आणि प्रकरण लवादापुढे गेले.

४/ १९९१ मध्ये एएमडीने स्वतःचा ३८६ बाजारात आणला. इंटेलचा ३८६ कमाल ३३ मेगाहर्ट्झचा होता. एएमडीचा ४० चा. त्याच वर्षी ‘३८६’ या अंकावर इंटेलला मालकी सांगता येणार नाही, असा निर्णय अमेरिकेतील न्यायालयाने दिला. अंक राखता येत नाही, तर नाव राखावे, या विचारातून ‘पेंटियम’ हे नाव आले.

५/ १९९३ च्या पेंटियमच्या निर्मितीचे नेतृत्व केले विनोद धाम यांनी. त्यांचा जन्म १९५० चा, पुण्यातील पंजाबी कुटुंबातला. ६६ मेगाहर्ट्झचा ४८६ आधीच विक्रीस होता आणि पहिला पेंटियमही ६० व ६६ मेगाहर्ट्झचाच होता. तरीही तो कितीतरी वेगवान ठरला, कारण एका ठोक्यात तो दोन आज्ञा पार पाडू शकत असे. ठोके म्हणजे वेग नव्हे, याचा पुरावा खुद्द इंटेलनेच दिला होता.

६/ प्रतिस्पर्ध्यांनी तोच धागा पकडला. १९९६ मध्ये सायरिक्स, एएमडी आदी कंपन्यांनी ‘पी-रेटिंग’ आणले : आमचा प्रोसेसर कोणत्या पेंटियमच्या तोडीचा, ते सांगणारा आकडा. एएमडीचा ‘पीआर१३३’ प्रत्यक्षात १०० मेगाहर्ट्झवर चाले. सायरिक्सचा ‘२००+’ १५० वर. कार्यालयीन कामांत हा दावा टिकला. दशांश गणितावर उभ्या असलेल्या ‘क्वेक’ या खेळात मात्र सायरिक्स उघडा पडला.

७/ १९९५ मध्ये धाम इंटेल सोडून नेक्सजेन या छोट्या कंपनीत गेले आणि लवकरच एएमडीने ती कंपनी विकत घेतली. तिच्या रचनेतून १९९७ मध्ये ‘के६’ जन्मला. पेंटियमच्याच सॉकेटमध्ये बसणारा आणि २३३ मेगाहर्ट्झपर्यंत जाणारा. नावातला आकडा आणि घड्याळाचा आकडा आता एकच होता. ज्यांनी पेंटियम घडवला, त्यांनीच त्याचा प्रतिस्पर्धी उभा केला. २०२५ मध्ये धाम यांना पद्मभूषण जाहीर झाले.

८/ मग सुरू झाली आकड्यांची शर्यत. ६ मार्च २००० रोजी एएमडीच्या ॲथलॉनने १ गिगाहर्ट्झ गाठला. इंटेल दोनच दिवसांनी पोहोचली. त्याच वर्षी घाईने आणलेला १.१३ गिगाहर्ट्झचा पेंटियम ३ इंटेलला परत घ्यावा लागला.

९/ नोव्हेंबर २००० मध्ये पेंटियम ४ आला. पेंटियम ३ मध्ये कामाचे १० टप्पे होते, यात २०. टप्पा लहान, म्हणून ठोके भराभर. पण एका ठोक्यातले कामही कमी. हीच ती सात डझनांची पेटी.

१०/ एएमडी पुन्हा रेटिंगकडे वळली. ऑक्टोबर २००१ च्या ‘ॲथलॉन एक्सपी १८००+’ चे घड्याळ १.५३ गिगाहर्ट्झचे होते. ज्या मोजपट्टीवर हार निश्चित, ती मोजपट्टी नाकारणे हाच तिचा डाव होता.

११/ पेंटियम ४ चे टप्पे पुढे ३१ झाले. उष्णता व विजेचा खप आवरेना. २००४ मध्ये इंटेलने ४ गिगाहर्ट्झचा बेत रद्द केला. प्रमुख क्रेग बॅरेट यांनी एका परिषदेत विनोदाने गुडघे टेकून क्षमा मागितली. त्याच वर्षी इंटेलने गिगाहर्ट्झऐवजी ‘५५०’ सारखे क्रमांक नावात वापरण्यास प्रारंभ केला.

१२/ बाजारातील वाट्याचा निवाडा मात्र केवळ वेगाने झाला नाही. संगणक उत्पादकांना सवलती देऊन एएमडीला दूर ठेवल्याचा ठपका ठेवत युरोपीय आयोगाने २००९ मध्ये इंटेलला १०६ कोटी युरोंचा दंड केला. (२०२२ मध्ये न्यायालयाने तो रद्द केला आणि २०२४ मध्ये वरिष्ठ न्यायालयाने तो निर्णय कायम ठेवला.) २००९ मध्येच इंटेलने १२५ कोटी डॉलर देऊन एएमडीशी समेट केला.

१३/ आणि ग्राहक? पेंटियम ४ साठी वेगचाचण्याच सोयीस्कर घडवल्या गेल्या, असा दावा अमेरिकी खरेदीदारांनी केला होता. इंटेलने आरोप मान्य केला नाही. पण २०१४ च्या तडजोडीत प्रत्येक पात्र ग्राहकाला १५ डॉलर देऊ केले.

१४/ आज जाहिरातीत कोअरची संख्या आणि नॅनोमीटर झळकतात. पेटीवर कितीही डझन छापले, तरी आत फळ केवढे आहे, हे पेटी उघडून पाहणाऱ्यालाच कळते. प्रोसेसरची पेटी उघडायची म्हणजे आपले नेहमीचे काम त्यावर चालवून पाहायचे.