इन्सुलिन पंपातील माहितीची देवाणघेवाण

इन्सुलिन पंपातील माहितीची देवाणघेवाण म्हणजे मधुमेही व्यक्तीच्या इन्सुलिन पंपात साठलेल्या नोंदी तिच्यावर उपचार करणाऱ्या डॉक्टरांपर्यंत वाचता, पडताळता आणि वापरता येतील अशा स्वरूपात पोहोचवण्याची प्रक्रिया होय. पंप, ग्लुकोज संवेदक, उत्पादक कंपनीचे सॉफ्टवेअर आणि रुग्णालयाची संगणक प्रणाली हे या साखळीतील चार मुख्य दुवे असून ते बहुधा वेगवेगळ्या संस्थांनी तयार केलेले असतात. हे दुवे परस्परांशी जुळत नसल्यास नोंदी अस्तित्वात असूनही डॉक्टरांच्या उपयोगी पडत नाहीत. काही वेळा त्यांचा चुकीचा अर्थ लागून इन्सुलिनची मात्रा चुकीची ठरण्याचा धोकाही निर्माण होतो.

पार्श्वभूमी

प्रकार १ मधुमेहात स्वादुपिंडातील इन्सुलिन तयार करणाऱ्या पेशी नष्ट होतात आणि रुग्णाला आयुष्यभर बाहेरून इन्सुलिन घ्यावे लागते. इन्सुलिन पंप हे अंगावर बाळगण्याचे छोटे यंत्र असून ते त्वचेखाली बसवलेल्या बारीक नळीतून इन्सुलिन सतत सोडते. १९६० च्या दशकाच्या आरंभी लॉस एंजेलिस येथील डॉ. अर्नोल्ड कॅडिश यांनी बनवलेला प्रायोगिक पंप पाठीवरच्या पिशवीएवढा मोठा होता. १९७० च्या दशकात अमेरिकी संशोधक डीन केमन यांनी अंगावर वागवता येईल असा पंप विकसित केला. १९८० च्या दशकात मिनीमेड या कंपनीचे पंप बाजारात आले. ही कंपनी २००१ मध्ये मेडट्रॉनिकने विकत घेतली.

१९९९ मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने सलग ग्लुकोजमापन करणाऱ्या पहिल्या यंत्रणेला मान्यता दिली. त्या यंत्रणेतील नोंदी वापर संपल्यानंतर डॉक्टरांच्या संगणकावरच उतरवून पाहता येत, रुग्णाला त्या वेळच्या वेळी दिसत नसत. पुढील काळात स्थिती उलट झाली. रुग्णाला आपले आकडे पंपावर किंवा मोबाइलवर क्षणोक्षणी दिसू लागले, परंतु तेच आकडे डॉक्टरांच्या संगणकात नेणे अवघड ठरले.

नोंदींचे स्वरूप

पंपात साधारणपणे पुढील नोंदी साठतात:

- बेसल मात्रा: दिवसभर संथ गतीने सुटणारे इन्सुलिन. हे युनिट प्रति तास या एककात मोजतात.
- बोलस मात्रा: जेवणापूर्वी किंवा वाढलेली रक्तशर्करा खाली आणण्यासाठी एका वेळी घेतलेले इन्सुलिन.
- रुग्णाने भरलेले कर्बोदकांचे प्रमाण, ग्रॅममध्ये.
- पंपात ठरवून ठेवलेली गुणोत्तरे, उदाहरणार्थ एक युनिट इन्सुलिन किती ग्रॅम कर्बोदकांना पुरते.
- पुरवठा थांबवणे, इन्सुलिनची टाकी व नळी बदलणे आणि धोक्याच्या सूचना.

याला जोडून ग्लुकोज संवेदकाच्या नोंदी असतात. दर पाच मिनिटांनी मापन करणारा संवेदक दिवसाला २८८ आणि चौदा दिवसांत ४,०३२ आकडे देतो. इतके आकडे एकेक करून वाचणे शक्य नसल्याने त्यांचा सारांश काढला जातो. २०१९ च्या आंतरराष्ट्रीय सहमतीनुसार बहुतांश प्रौढ रुग्णांची रक्तशर्करा दिवसातील ७० टक्क्यांहून अधिक वेळ ७० ते १८० मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर या पट्ट्यात असावी. या मूल्यमापनासाठी चौदा दिवसांचा कालावधी आणि त्यातील किमान ७० टक्के वेळेच्या नोंदी अपेक्षित आहेत.

नोंदी पोहोचवण्याच्या पद्धती

रुग्णालयात पंप थेट संगणकाला जोडून नोंदी उतरवून घेणे ही जुनी पद्धत होय. दुसऱ्या पद्धतीत रुग्ण घरच्या संगणकावरून किंवा मोबाइलवरून त्या उत्पादकाच्या संकेतस्थळावर चढवतो आणि डॉक्टरांना पाहण्याची परवानगी देतो. मेडट्रॉनिकची केअरलिंक, डेक्सकॉमची क्लॅरिटी आणि अॅबटची लिब्रेव्ह्यू ही अशा सेवांची उदाहरणे आहेत. अनेक कंपन्यांच्या उपकरणांतील नोंदी एकत्र दाखवणाऱ्या सेवाही आहेत. ग्लूको ही व्यावसायिक सेवा २०१६ मध्ये स्वीडनच्या डायासेंडशी एकत्र झाली, तर २०१३ मध्ये कॅलिफोर्नियात स्थापन झालेली टाइडपूल ही ना-नफा संस्था आपल्या सॉफ्टवेअरचा स्रोत खुला ठेवते.

यांपैकी काहीच न जुळल्यास पीडीएफ अहवाल, कागदी प्रत किंवा पडद्याचे छायाचित्र यांचा आधार घेतला जातो. असा अहवाल माणसाला वाचता येतो, परंतु रुग्णालयाच्या प्रणालीला त्यातील आकडे वेगळे काढता येत नाहीत. त्यामुळे मागील भेटीशी तुलना करणे किंवा पंपातील आणि संवेदकातील नोंदी एकावर एक ठेवून पाहणे शक्य होत नाही.

विसंगतीचे प्रकार

वेळेची विसंगती: पंप आणि संवेदक वेगळ्या कंपन्यांचे असल्यास प्रत्येकाचे घड्याळ स्वतंत्र चालू शकते. मोबाइलचे घड्याळ नवीन देशात आपोआप बदलते, अनेक पंपांचे मात्र हाताने बदलावे लागते. हिवाळ्यात मुंबईहून लंडनला गेलेल्या रुग्णाने पंपाची वेळ बदलली नाही, तर दोन्ही नोंदींत साडेपाच तासांचे अंतर पडते. लंडनमध्ये रात्री आठला जेवणापूर्वी घेतलेली बोलस मात्रा पंपाच्या नोंदीत मध्यरात्रीनंतर दीड वाजता दिसते. सकाळ व संध्याकाळ यांची निवड चुकल्यास हे अंतर बारा तासांचे होते.

एककांची विसंगती: भारत व अमेरिकेत रक्तशर्करा मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरमध्ये, तर ब्रिटनमध्ये मिलिमोल प्रति लिटरमध्ये मोजतात. पहिल्या एककातील आकड्याला सुमारे १८ ने भागल्यास दुसरे एकक मिळते. १८० मिलिग्रॅम म्हणजे १० मिलिमोल.

अर्थाची विसंगती: ही सर्वांत अवघड मानली जाते, कारण ती आकड्यांकडे पाहून लक्षात येत नाही. एखादा पंप बेसल मात्रेची गती बदलली तेवढीच नोंद ठेवतो, तर आपोआप मात्रा ठरवणारा पंप दर काही मिनिटांनी दिलेली सूक्ष्म मात्रा स्वतंत्रपणे नोंदवतो. शरीरात अद्याप कार्यरत असलेले इन्सुलिन किती, याचा हिशेबही कंपनीगणिक बदलतो. नवी नळी भरण्यासाठी सोडलेले इन्सुलिन शरीरात जात नाही. ते दिलेल्या मात्रेत धरले गेल्यास दिवसाची एकूण मात्रा फुगलेली दिसते.

न नोंदलेली माहिती: पंप केवळ आपण सोडलेल्या इन्सुलिनची नोंद ठेवतो. त्वचेखालील नळी दुमडली तर नोंदीत मात्रा पूर्ण दिसते, प्रत्यक्षात ती शरीरात पोहोचलेली नसते. पेनने किंवा सिरिंजने वेगळे घेतलेले इन्सुलिनही नोंदीत येत नाही.

उपचारांवरील परिणाम

पंपाच्या उपचारांत डॉक्टर मुख्यतः तीन गोष्टी बदलतात: दिवसाच्या विविध तासांतील बेसल गती, कर्बोदकांचे गुणोत्तर आणि शर्करा खाली आणण्याचे प्रमाण. पहाटे तीन वाजता शर्करा घसरत असेल, तर त्याचे कारण रात्रीची जास्त बेसल गती आहे की झोपण्यापूर्वी घेतलेली बोलस मात्रा, हे केवळ ग्लुकोजच्या आलेखावरून ठरत नाही. इन्सुलिन आणि ग्लुकोज यांच्या नोंदी एकाच काळरेषेवर आल्या तरच त्याचा उलगडा होतो. चुकीची मात्रा कमी केल्यास घसरण तशीच राहते आणि दिवसाच्या दुसऱ्या वेळी शर्करा वाढते. तीव्र घसरणीत रुग्ण बेशुद्ध होऊ शकतो, तर इन्सुलिन दीर्घकाळ अपुरे पडल्यास कीटोअ‍ॅसिडोसिस ही जीवघेणी अवस्था उद्भवते.

प्रमाणके

आयईईई ११०७३ या मालिकेत वैयक्तिक आरोग्य उपकरणांनी माहिती कशी मांडावी हे ठरवलेले असून तिच्यातील १०४१७ हा भाग ग्लुकोमीटरसाठी, १०४१९ इन्सुलिन पंपासाठी आणि १०४२५ सलग ग्लुकोजमापनासाठी आहे. रुग्णालयांच्या प्रणालींदरम्यानच्या देवाणघेवाणीसाठी एचएल७ या संस्थेची प्रमाणके वापरली जातात. तिच्या 'फायर' या प्रमाणकाची पहिली चाचणी आवृत्ती २०१४ मध्ये प्रसिद्ध झाली. त्यात निरीक्षण, उपकरण आणि दिलेले औषध यांसाठी स्वतंत्र नमुने आहेत. तपासण्या ओळखण्यासाठी लॉइंक ही सांकेतिक यादी वापरतात.

अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०१८ मध्ये इतर उपकरणांशी जोडता येणाऱ्या संवेदकांचा आणि २०१९ मध्ये तशाच पंपांचा स्वतंत्र वर्ग निर्माण केला. या वर्गांचा भर उपकरणांच्या आपसांतील जोडणीवर आहे. डॉक्टरांच्या नोंदप्रणालीपर्यंतचा टप्पा त्यामुळे आपोआप पूर्ण होत नाही.

रुग्णांचे प्रयत्न

२०१३ मध्ये जॉन कॉस्टिक या अमेरिकी अभियंत्याने मधुमेही मुलाच्या संवेदकातील आकडे दूरवरून पाहता यावेत म्हणून स्वतः सॉफ्टवेअर लिहिले. त्यातून इतरांच्या सहभागाने नाइटस्काउट हा मुक्तस्रोत प्रकल्प उभा राहिला. त्याच वर्षी स्टॅनफर्ड विद्यापीठातील एका मेळाव्यातून 'आम्ही थांबणार नाही' या अर्थाची घोषणा पुढे आली. बेन वेस्ट यांनी मेडट्रॉनिकच्या पंपांची संदेशपद्धती उलगडली. तिच्या आधारे डेना लुईस आणि स्कॉट लीब्रँड यांनी २०१५ मध्ये ओपनएपीएस हा प्रकल्प खुला केला.

कायदेशीर बाजू

उपकरणातील कुलूपबंद सॉफ्टवेअर उघडणे हा अमेरिकेत प्रताधिकार कायद्याचा भंग ठरू शकतो. २०१५ मध्ये शरीरात बसवलेल्या उपकरणांतील स्वतःच्या नोंदी वाचण्यासाठी रुग्णांना त्यातून सूट मिळाली आणि २०२१ मध्ये तिची व्याप्ती वाढवण्यात आली. २०१६ च्या एकविसाव्या शतकातील उपचारविषयक कायद्याने आरोग्यविषयक माहिती अडवून ठेवण्यास मनाई केली. ही मनाई आरोग्यसेवा देणारे, प्रमाणित आरोग्य सॉफ्टवेअरचे निर्माते आणि माहिती देवाणघेवाणीची जाळी यांना लागू आहे. केवळ उपकरण बनवणारी कंपनी त्या व्याख्येत येत नाही. युरोपीय संघात मे २०१८ पासून लागू असलेल्या माहिती संरक्षण नियमाच्या कलम २० नुसार व्यक्तीला आपली माहिती यंत्राला वाचता येईल अशा स्वरूपात मिळवण्याचा आणि दुसऱ्या सेवेकडे नेण्याचा हक्क आहे.

भारतातील स्थिती

भारत सरकारने २०१३ मध्ये इलेक्ट्रॉनिक आरोग्य नोंदींची प्रमाणके जाहीर केली व २०१६ मध्ये ती सुधारली. २७ सप्टेंबर २०२१ रोजी देशभर सुरू झालेल्या आयुष्मान भारत डिजिटल मिशनमध्ये नागरिकाला १४ अंकी 'आभा' क्रमांक मिळतो. या क्रमांकाच्या आधारे त्याच्या संमतीने नोंदी एका रुग्णालयातून दुसरीकडे पाठवता येतात. त्यासाठी 'फायर' हेच प्रमाणक स्वीकारण्यात आले आहे. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात आपली माहिती पाहण्याचा, दुरुस्त करण्याचा व पुसून टाकण्याचा हक्क आहे, परंतु युरोपीय नियमाप्रमाणे ती दुसऱ्या सेवेकडे नेण्याचा स्वतंत्र हक्क नाही.

सुरक्षितता

देवाणघेवाण सुलभ करताना पंप अनधिकृत आज्ञांपासून सुरक्षित ठेवावा लागतो. २०११ मध्ये स्वतः मधुमेही असलेले संगणकतज्ज्ञ जे रॅडक्लिफ यांनी पंपाच्या बिनतारी संपर्कातील त्रुटी जाहीरपणे दाखवल्या. जून २०१९ मध्ये अमेरिकी अन्न व औषध प्रशासनाने मेडट्रॉनिकच्या काही जुन्या पंपांबाबत अशाच कारणावरून इशारा दिला. पंपातील नोंदी वाचण्याची मुभा आणि पंपाला आज्ञा देण्याची मुभा या दोन वेगळ्या बाबी आहेत. डॉक्टरांना माहिती देण्यासाठी केवळ पहिली पुरेशी असते.

हेही पहा

- मधुमेह
- इन्सुलिन
- स्वादुपिंड
- आयुष्मान भारत डिजिटल मिशन
- मुक्तस्रोत सॉफ्टवेअर