मोरजीतील रशियन खाणावळ आणि हरवलेले पंचांग

आमच्या घराण्याची कुलदेवता कवळ्याची श्रीशांतादुर्गा. इंदुरास येऊन सहा पिढ्या लोटल्या, तरी घरात मंगलकार्य झाले की गोव्यास जाऊन देवीची ओटी भरण्याचा कुळाचार आजवर कसाबसा टिकून आहे. नातवाची मुंज झाली आणि त्यानिमित्ताने होळी उलटताच, फाल्गुन वद्यात, आम्ही सारे गोव्यास निघालो. मुक्कामाची व्यवस्था मुलीने केली होती. कवळे फोंडा तालुक्यात, तर तिने जागा पाहिली ती पेडणे तालुक्यातील मोरजी या समुद्रकाठच्या गावी. नातवाला समुद्र पाहायचा होता, एवढेच त्याचे कारण.

पेडणे हा तसा आपल्या इतिहासातला मुलूख. सावंतवाडीकर भोसल्यांकडून तो १७८८ साली पोर्तुगीजांकडे गेला, म्हणून त्याची गणना ‘नव्या काबिजादीं’त होते. जुन्या काबिजादींत देवळे पाडण्याचा जो काळ होऊन गेला, तो येथवर पोचला नाही. मोरजीच्या श्रीमोरजाईचे देऊळ आजही गावाचे केंद्र आहे. गोव्याचे पहिले मुख्यमंत्री दयानंद बांदोडकर याच तालुक्यातले. अशा गावात मराठी पाट्या दिसतील या अपेक्षेने मी संध्याकाळी फिरावयास निघालो, आणि दिसल्या त्या बहुतेक रशियन लिपीतल्या. भाड्याच्या खोल्या, दुचाक्या, औषधे, मालिश, सर्व काही रशियन अक्षरांत. इंदुरात मराठी पाटी शोधावी लागते याची सवय झालेली आहे. परंतु पेडण्यात रशियन पाटी वाचता येत नाही म्हणून अडून बसावे लागेल, असे कधी वाटले नव्हते.

सोव्हिएत संघराज्य १९९१ च्या डिसेंबरात विसर्जित झाले आणि सामान्य रशियन माणसाला परदेशप्रवास मोकळा झाला. त्यानंतरच्या दशकात मॉस्कोहून थेट गोव्यास येणारी हंगामी भाड्याची विमाने सुरू झाली. मोरजी, आश्वे, मांद्रे, हरमल या किनारपट्टीवर त्या लोकांनी आपली बिऱ्हाडे मांडली. काही पंधरवड्यापुरते येतात, काही दिवाळीपासून चैत्रापर्यंत राहतात. आता तर मोपा येथील विमानतळ, जो २०२३ च्या जानेवारीत वाहतुकीस खुला झाला, याच तालुक्यात आहे.

अशाच एका माडांच्या बागेत आम्हांला ती खाणावळ सापडली. नाव सांगत नाही. ते मला वाचताही आले नाही. आठ-दहा टेबले, वर झावळ्यांचे छप्पर आणि गल्ल्यामागे चौकटीत लावलेला परवाना. महसूल खात्यात आयुष्य गेल्यामुळे माझी नजर आधी परवान्याकडे गेली. तो स्थानिक भागीदाराच्या नावाने होता. खाणावळ चालवणारी बाई मात्र रशियन, चाळिशीची. स्वयंपाकघरात पेडण्याचाच एक तरुण होता.

आमच्या सौभाग्यवती शाकाहारी, आणि परक्या ठिकाणच्या स्वयंपाकाविषयी त्यांच्या मनात वडिलोपार्जित शंका. त्या दारातच थबकल्या. तेव्हा तो तरुण बाहेर येऊन म्हणाला, “मावशी, बिनधास्त बसा. सध्या त्यांचा उपास चालू आहे. वेगळा कागद काढलाय. मांस नाही, अंडे नाही, दूधसुद्धा नाही.”

‘उपास’ हा शब्द ऐकला आणि सौभाग्यवती आत आल्या.

ईस्टरपूर्वी सुमारे सात आठवडे चालणारा तो मोठा उपवास रशियन ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती पाळतात, हे पुस्तकात वाचले होते. प्रत्यक्ष ताटात प्रथमच पाहिले. बीट, कोबी आणि बटाट्याचे लालभडक ‘बोर्श्च’ आले. एरवी त्यावर घट्ट आंबट साय घालतात, ती उपवासामुळे नव्हती. वर हिरवे काहीतरी भुरभुरलेले होते. नातवाने वास घेऊन नाक मुरडले. तो शेपू होता! ज्या भाजीसाठी आपल्या घराघरांत मुलांची मनधरणी करावी लागते, ती रशियन स्वयंपाकात कोथिंबिरीच्या जागी आहे. दुसरा पदार्थ होता ‘ग्रेच्का’, कांदा आणि अळंबी घालून शिजवलेले खडे दाणे. सौभाग्यवतींनी एक दाणा बोटांत चिरडून पाहिला आणि म्हणाल्या, “अहो, हा तर कुट्टू!” ग्वाल्हेर-इंदूरकडे नवरात्रात ज्याच्या पिठाच्या पुऱ्या होतात, तेच हे धान्य. आपल्याकडे उपवासाचे, त्यांच्याकडे रोजचे आणि उपवासाचेही.

बोर्श्चविषयी एक गोष्ट येथेच सांगितली पाहिजे. २०२२ च्या जुलैत युनेस्कोने युक्रेनमधील बोर्श्च करण्याच्या परंपरेची नोंद तातडीने जतन करावयाच्या वारशांच्या यादीत केली. युद्ध सुरू होऊन तेव्हा चार महिने उलटले होते. एकाच पदार्थावर दोन मुलखांतल्या माणसांचे प्रेम असते आणि त्याच्या मालकीवरून वादही होतात. बाईंच्या कागदावर मात्र ते नाव काही खुलासा न करता, पहिल्या क्रमांकावर होते.

रशियन लोक यापूर्वी मी पाहिले होते ते भिलाईला. अविभक्त मध्य प्रदेशात असताना दुर्ग जिल्ह्यात माझी नेमणूक होती. १९५५ च्या करारानुसार सोव्हिएत साहाय्याने तो पोलाद कारखाना उभा राहिला आणि १९५९ च्या फेब्रुवारीत तेथील पहिली झोतभट्टी राष्ट्रपती राजेंद्रप्रसादांच्या हस्ते सुरू झाली. मी गेलो त्या काळातही सोव्हिएत तज्ज्ञांची कुटुंबे तेथे होती आणि बाजारातले भाजीवाले त्यांच्याशी रशियन आकड्यांत घासाघीस करीत. ती माणसे सरकारने पाठवलेली होती. मुदत संपली की परत जात. मोरजीतली माणसे कोणी पाठवलेली नाहीत. दोन्हींत हा मोठा फरक आहे, आणि तो आपल्यासारख्यांना लवकर कळावा. आपले पूर्वजही माळव्यात होळकर-शिंद्यांच्या चाकरीत, सनदा घेऊन आले. १९४८ साली संस्थाने मध्य भारतात विलीन झाली, सनदा कपाटात गेल्या, आणि आपण मात्र राहिलो. पाठीशी राज्य नसताना परमुलखात आपलेपण कशावर टिकते, हा प्रश्न त्या दिवसापासून आपल्यापुढे आहे.

त्या रात्री मला राहून राहून अफानासी निकितीनची आठवण येत होती. हा त्वेर शहराचा व्यापारी पंधराव्या शतकाच्या उत्तरार्धात आपल्या कोकणात उतरला. त्याच्या प्रवासाचा काळ पूर्वी १४६६ ते १४७२ असा मानीत. अलीकडचे अभ्यासक तो काही वर्षे पुढे आणतात. म्हणजे वास्को द गामा कालिकतला पोचण्याच्या पंचवीसएक वर्षे आधीची ही गोष्ट. होर्मुझहून एक घोडा विकावयास घेऊन तो चौलला उतरला, पालीवरून घाट चढून जुन्नरला गेला आणि पावसाळाभर तेथे चिखलपाण्यात अडकला. जुन्नरच्या खानाने त्याचा घोडा काढून घेतला आणि धर्म बदलशील तरच परत देईन, असे सांगितले. एका खोरासानी सज्जनाने रदबदली केली म्हणून घोडाही सुटला आणि धर्मही राहिला. पुढे तो बहमनी राजधानी बीदरला गेला. तेथे महमूद गवानचे वैभव त्याने पाहिले आणि अखेरीस दाभोळला जहाजात बसून परत फिरला. घरी मात्र पोचला नाही. स्मोलेन्स्कपाशी वाटेतच वारला. त्याचे टिपण १४७५ साली मॉस्कोत पोचले. १९५७ च्या ‘परदेसी’ या भारत-सोव्हिएत चित्रपटाचा नायक तो हाच. रेवदंड्यास त्याचे स्मारकही आहे.

निकितीनने आपल्याविषयी जे लिहिले, त्यात जेवणाचे वर्णन मोठे मार्मिक आहे. येथील हिंदू लोक भात आणि खिचडी खातात, उजव्या हाताने जेवतात, सुरी वापरीत नाहीत आणि चमचा त्यांना ठाऊक नाही, हे तो नोंदवतो. प्रवासात ज्याचे त्याचे भांडे निराळे. परधर्मीयाची दृष्टी भांड्यात पडली की अन्न टाकून देतात, म्हणून काही जण अंगावर वस्त्र ओढून जेवतात, असेही तो सांगतो. आपल्या आजीच्या सोवळ्याची ज्यांना आठवण आहे, त्यांना हे खोटे वाटणार नाही.

परंतु त्याचे खरे दुःख दुसरे आहे. व्होल्गेच्या मुखाजवळ तार्तरांनी त्याची जहाजे लुटली, त्यात त्याची धर्मपुस्तके गेली. पुस्तके गेली म्हणजे पंचांग गेले. ईस्टर केव्हा, उपवास केव्हा, बुधवार-शुक्रवार कोणता, याचा हिशोब त्याला राहिला नाही. अंदाजाने तो उपवास धरी. कधी मुसलमानांच्या रोज्यांबरोबर उपाशी राही. भारतात त्याने ‘खोजा युसुफ खोरासानी’ असे नाव घेतले होते. त्याच्या रशियन लिखाणात मध्येच तुर्की, फारसी, अरबी शब्द येतात. शेवटची प्रार्थना तर रशियन भाषेत नाहीच. आपल्या देशासारखा देश नाही, पण तेथील सरदार न्यायाने वागत नाहीत, हा मनातला सल त्याने लिहिला तोही तुर्कीत, परक्या भाषेच्या आडोशाने. व्यापारात खोट आली याची त्याने तक्रार केली आहे. पण तिथी हरवल्याचा शोक त्याहून अनेक पटींनी मोठा आहे.

मी बाईंना निकितीनविषयी विचारले. त्यांचा चेहरा उजळला. शाळेत होता, म्हणाल्या. उपवासाच्या तारखा कशा कळतात, असे विचारले, तेव्हा त्यांनी मोबाइल दाखवला. त्यांचे चर्च अद्याप जुन्या जूलियन कालगणनेने चालते, म्हणून नाताळ सात जानेवारीला येतो. सरकारने १९१८ मध्ये कॅलेंडर बदलले, चर्चने नाही. “मॉस्कोत मी उपवास कधी धरला नव्हता,” त्या इंग्रजीत म्हणाल्या. “येथे आल्यावर धरू लागले.” परत केव्हा जाणार, हे मी विचारले नाही. २०२२ नंतर जी रशियन माणसे देशाबाहेर पडली, त्यांना हा प्रश्न विचारू नये, एवढे मला समजत होते.

कोपऱ्यातल्या टेबलावर त्यांची आठ-नऊ वर्षांची मुलगी वहीत रशियन अक्षरे गिरवीत होती. ती हिंदी सफाईने बोलत होती आणि नातवाशी तिची तत्काळ गट्टी जमली. “हिला रशियन बोलता येते, लिहिताना चुकते,” आई म्हणाली. मी गप्प राहिलो. आमचा नातू देवनागरी वाचतो तो हिंदी शाळेच्या कृपेने. ‘ळ’ आला की अडखळतो.

निघताना त्या पेडण्याच्या तरुणाशी थोडे बोलणे झाले. खाणावळीची जागा त्याच्या आईच्या माडांची. २०१४ मध्ये रुबल कोसळला तेव्हा आणि २०२० मध्ये टाळेबंदी झाली तेव्हा खोल्या ओस पडल्या, हे त्याने सोसलेले होते. “हे लोक आहेत तोवर बरे,” तो म्हणाला, “पण आमच्याच वाड्यावर आम्हांला भाड्याने जागा परवडत नाही, याचे काय?” त्याला उत्तर देण्याजोगे माझ्यापाशी काही नव्हते. आपले पूर्वज इंदुरात आले तेव्हा तेथील मूळ रहिवाशांना काय वाटले असेल, हा विचार आपल्या बखरींत आणि कुलवृत्तांतांत मला कोठे आढळलेला नाही. तो त्या माडांखाली प्रथम मनात आला आणि अजून गेलेला नाही.

दुसऱ्या दिवशी कवळ्यास गेलो. संकल्प सांगताना गुरुजींनी “फाल्गुनमासे कृष्णपक्षे” म्हटले, तेव्हा नातू कानाशी कुजबुजला, “आजोबा, चैत्र सुरू झाला ना? शाळेत तसेच सांगितले.” इंदूर-ग्वाल्हेरच्या वाचकांना हा घोळ समजावून सांगावयास नको. शेजाऱ्यांचा महिना पौर्णिमेला संपतो, आपला अमावास्येला. त्यांचा श्रावण पंधरा दिवस आधी लागतो आणि आपले श्रावणी सोमवार मागाहून येतात. माझे आजोबा पुण्याहून टपालाने पंचांग मागवीत, आणि ते पाडव्याच्या आत आले नाही तर घरात अस्वस्थ होत. लहानपणी मला तो हट्ट वाटे. निकितीन वाचल्यावर त्याचा अर्थ कळला.

मी नातवाला म्हटले, “दोन्ही बरोबर आहेत. शाळेतला चैत्रही खरा आणि देवीपुढचा फाल्गुनही खरा. तुला दोन्ही मोजता आले पाहिजेत.” त्याला ते कितपत पटले, सांगता येत नाही. परंतु गाडीत बसल्यावर त्याने आपण होऊन विचारले, “मग आपला पाडवा कधी?” मी बोटांवर मोजून दाखवले. दुसऱ्यांदा त्याने स्वतः मोजले. एका तिथीने चुकला, पण मोजले.