सफदरजंगच्या शेजारची धावपट्टी

सफदरजंग हे नाव आम्हा महाराष्ट्रीयांस परके नाही. शिंदे-होळकरांचे साहाय्य घेऊन १७५१ साली बंगश-रोहिल्यांशी लढणारा आणि पुढल्याच वर्षी मराठ्यांशी करार करणारा हा वजीर मराठ्यांच्या इतिहासात आम्हांस केव्हाच भेटलेला असतो. दिल्लीस बदली होऊन आलेला आमच्यातील प्रत्येक जण एखाद्या रविवारी मुलाबाळांसह त्याचा मकबरा पाहून येतो. परंतु त्या मकबऱ्याच्या जवळच विमानांची जी जुनी धावपट्टी आहे, तिच्याकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही. नागरी विमानवाहतूक मंत्रालयात कामानिमित्त जाणारे आमचे बांधवही फायली बगलेत धरून तिच्यावरून नजर फिरवितात आणि निघून जातात. ब्रिटिश अमदानीत ही जागा ‘विलिंग्डन विमानतळ’ म्हणून ओळखली जाई. येथील फ्लाइंग क्लबात उडावयास शिकलेली एक मुलगी पुढे रणभूमीवर हेलिकॉप्टर घेऊन गेली. तिचे स्मरण करावयाचे तर तिच्या आधीच्या, युद्धाने भूमीवरच अडविलेल्या एका दिल्लीकर स्त्रीपासून आरंभ केला पाहिजे.

सरला ठकराल यांचा जन्म १९१४ साली दिल्लीत झाला. सोळाव्या वर्षी विवाह झाला, पती पी. डी. शर्मा हे कराची-लाहोर मार्गावर टपाल नेणारे वैमानिक होते. १९३६ साली, पदरी चार वर्षांची मुलगी असताना, सरलाबाईंनी लाहोर फ्लाइंग क्लबचे ‘जिप्सी मॉथ’ विमान एकटीने आकाशात नेले. त्या वेळी त्या साडीच नेसलेल्या होत्या. वय एकवीस वर्षांचे. पुढे त्यांनी हजार तासांच्या उड्डाणाचा टप्पा गाठला. १९३९ साली शर्मा विमान-अपघातात गेले. या आघातानंतरही सरलाबाई जोधपूरला गेल्या आणि व्यावसायिक वैमानिकाचा परवाना मिळविण्याच्या तयारीस लागल्या. इतक्यात दुसरे महायुद्ध पेटले आणि नागरी वैमानिकांचे शिक्षण थांबले.

येथे थोडे थांबून विचार केला पाहिजे. युद्धाने उड्डाणे थांबविली हे म्हणणे अर्धेच खरे आहे. फ्लाइंग क्लबांतून हवाई दलाच्या राखीव शाखेसाठी उमेदवार तयार करण्याचे काम चालूच होते. त्या उमेदवारांत स्त्रीला जागा नव्हती एवढेच. त्याच काळात इतरत्र काय घडत होते? इंग्लंडमध्ये जानेवारी १९४० मध्ये पॉलीन गोवर यांच्या नेतृत्वाखाली आठ स्त्रिया विमाने कारखान्यातून तळावर पोहोचविण्याच्या कामावर रुजू झाल्या आणि १९४३ साली त्यांना पुरुषांइतके वेतनही मिळाले. सोव्हिएत रशियाने १९४१ साली मारिना रास्कोवा यांच्या पुढाकाराने स्त्रियांची तीन विमानपथके उभारली. ती प्रत्यक्ष लढली. अमेरिकेत हजारांहून अधिक स्त्रियांनी लष्करी विमाने चालविली आणि अडतीस जणींना त्यात मृत्यू आला. मात्र त्यांना माजी सैनिकांचा दर्जा १९७७ साली देण्यात आला. आमच्याकडे १९४२ साली स्त्रियांचे साहाय्यक दल स्थापन झाले, पण त्यांच्या वाट्याला कचेऱ्या, टेलिफोन आणि सांकेतिक संदेश आले. शस्त्र घेतलेल्या भारतीय स्त्रिया पाहावयाच्या तर आझाद हिंद सेनेकडे वळावे लागते. तेथे १९४३ साली झाशीच्या राणीच्या नावाने पथक उभे राहिले. 

सरलाबाई लाहोरला परतल्या, मेयो कलाशाळेत चित्रकला शिकल्या, आणि फाळणीनंतर दोन मुलींसह दिल्लीस आल्या. १९४८ साली त्यांनी पुनर्विवाह केला. चित्रे, वस्त्रांवरील नक्षी, दागिन्यांचे नमुने यांवर त्यांनी मोठा व्यवसाय उभारला आणि २००८ साली दिल्लीतच देह ठेवला. आयुष्य वाया गेले असे त्यांच्याबद्दल कोणीही म्हणणार नाही. पण आकाश त्यांना परत मिळाले नाही, हेही तितकेच खरे.

हवाई दलात स्त्री-वैमानिक दाखल झाल्या त्या १९९४ साली, म्हणजे स्वातंत्र्यानंतर सत्तेचाळीस वर्षांनी. या आरंभीच्या तुकड्यांतून १९९६ साली गुंजन सक्सेना आल्या. लष्करी अधिकाऱ्याची ही कन्या. शिक्षण दिल्लीच्या हंसराज महाविद्यालयात, आणि उड्डाणाचे पहिले धडे सफदरजंगच्या फ्लाइंग क्लबात. उधमपूरच्या तळावर त्यांची नेमणूक झाली. १९९९ च्या मे महिन्यात कारगिलचे युद्ध सुरू झाले, तेव्हा त्या व त्यांच्या सहकारी श्रीविद्या राजन या दोघींनी ‘चीता’ हेलिकॉप्टरे युद्धक्षेत्रात नेली.

‘चीता’ हे एका एंजिनाचे लहानसे यंत्र. शत्रूवर मारा करण्याचे साधन त्यावर नव्हते. हवा जितकी विरळ तितके ओझे कमी न्यावे लागते. म्हणून द्रास-बटालिकच्या उंचीवर प्रत्येक किलोचा हिशेब करावा लागे. जखमी जवानांना खाली आणणे, पुढच्या ठाण्यांना रसद पोहोचविणे, शत्रूच्या जागा हेरून कळविणे, ही त्यांची कामे. शत्रू शिखरांवर बसला होता आणि त्याच्यापाशी खांद्यावरून डागावयाची क्षेपणास्त्रे होती. मे महिन्याच्या अखेरीस त्याने आपले एक विमान व एक हेलिकॉप्टर पाडलेही होते. दरीतच यंत्र उतरवावे लागले तर हाताशी असावी म्हणून गुंजन रायफल जवळ बाळगीत. त्या वेळी त्यांचे वय चोवीसच्या आसपास होते.

पुढे कीर्ती आली आणि कीर्तीबरोबर दंतकथाही आल्या. त्यांना शौर्यचक्र मिळाल्याचे छापले गेले. वस्तुतः ते मिळाले नव्हते. २०२० साली त्यांच्यावर चित्रपट निघाला, तेव्हा पडद्यावर दाखविलेल्या वागणुकीस हवाई दलाने हरकत घेतली आणि युद्धक्षेत्रात प्रथम आपण गेलो होतो असे श्रीविद्या राजन यांनी जाहीरपणे सांगितले. या वादात आम्हांस शिरावयाचे नाही. परंतु ‘पहिली’ या शब्दाचा आमच्या समाजाला जडलेला मोह मात्र तपासून पाहण्यासारखा आहे. सरलाबाईंनाही पहिली भारतीय स्त्री-वैमानिक म्हणतात. वास्तविक ऊर्मिला पारीख यांना परवाना १९३२ सालीच मिळाला होता. यामुळे सरलाबाईंचे धैर्य तसूभरही कमी होत नाही. पहिलीचा पुतळा उभारला की दुसरीला आणि तिसरीला विसरण्याची सोय होते, एवढेच.

सरकारी नोकरीत आयुष्य घालविलेल्या आमच्या वाचकांना एक गोष्ट निराळी सांगावयास नको: माणसाचे भाग्य पुष्कळदा नियमाच्या एका ओळीवर ठरते. अल्पकालीन सेवेची मुदत ठरलेली असल्यामुळे गुंजन सक्सेना २००४ साली हवाई दलातून बाहेर पडल्या. त्यानंतर सहा वर्षांनी, मार्च २०१० मध्ये, दिल्ली उच्च न्यायालयाने हवाई दलातील व भूदलातील अल्पकालीन सेवेच्या स्त्री-अधिकाऱ्यांचा कायम नेमणुकीचा हक्क मान्य केला. २०१६ साली तीन तरुणी लढाऊ विमानांच्या वैमानिक झाल्या. सरलाबाईंच्या वेळी उमेदवारांच्या यादीत स्त्रीचे नाव नव्हते, गुंजनच्या वेळी ते होते. पण किती वर्षे टिकावे याचा निर्णय नियमाने आधीच करून ठेवला होता. दोघींच्याही अंगी कौशल्य होते. अडले ते कागदावर, आणि असे कागद लिहिणारे हात आमच्यासारख्यांचेच असतात.

आता त्या धावपट्टीवरून शिकाऊ विमाने उडत नाहीत. तेथे कोणतीही कोनशिला नसली, तरी मकबऱ्याच्या पायऱ्यांवर मुलांना वजिराची हकीकत सांगून झाल्यावर शेजारच्या मोकळ्या मैदानाकडे बोट दाखवून या स्त्रियांची नावेही सांगता येतील. सगळ्यांची सांगावीत, पहिली कोण, हे मुले विचारतीलच, तेव्हा त्यांना थोडे थांबावयास शिकवावे.