ऑस्ट्रेलियातील करोनाकालीन सीमाबंदी

करोनाच्या साथीत ऑस्ट्रेलियाने २० मार्च २०२० पासून परदेशी प्रवाशांना दार बंद केले. नागरिकांनाही देश सोडण्यास परवानगी लागू लागली. राज्यांनीही सीमा रोखल्या. न्यू साउथ वेल्स व व्हिक्टोरिया यांच्यामधली हद्द जुलै २०२० मध्ये बंद झाली, ती १९१९ च्या इन्फ्लुएन्झानंतर प्रथमच.

लोकमत मात्र एकमुखी नव्हते. पश्चिम ऑस्ट्रेलियाच्या कडक बंदीला उद्योगपती क्लाइव्ह पामर यांनी दिलेले आव्हान सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२० मध्ये फेटाळले. मार्च २०२१ च्या निवडणुकीत तिथल्या मतदारांनी तत्कालीन प्रीमियर (राज्याचे मुख्यमंत्री) मार्क मॅकगोवन यांच्या पक्षाला ५९ पैकी ५३ जागा दिल्या. सुरक्षित वाटलेल्या बहुसंख्यांचाच हा कौल होता. दुसरीकडे, क्वीन्सलँड व न्यू साउथ वेल्सच्या हद्दीवरील कूलांगाटा व ट्वीड हेड्स या जोडशहरांत कुटुंबे प्लास्टिकच्या अडथळ्यांपलीकडून भेटत. मेलबर्नमध्ये टाळेबंदीविरोधी निदर्शने झाली.

सर्वांत कठोर पाऊल मे २०२१ मधले: भारतातून परतणाऱ्या स्वतःच्या नागरिकांनाही तात्पुरती प्रवेशबंदी, आणि मोडल्यास पाच वर्षांपर्यंत कैद. ते अन्याय्यच होते. ऑस्ट्रेलियातील भारतीय समाजातून आणि मानवाधिकार आयोगाकडूनही तीव्र प्रतिक्रिया उमटल्या. १५ मे रोजी बंदी संपली. पश्चिम ऑस्ट्रेलियाची सीमा ३ मार्च २०२२ रोजी पूर्ण खुली झाली.