डोंगरावरचा संघ, पायथ्याचं गाव

मावळातल्या वलूरक संघाची नोंदवही दगडात कोरलेली आहे, म्हणून ती वाळवीच्या तोंडी गेली नाही. वलूरक म्हणजे आजचं कार्ल्याचं लेणं. इथे राहणाऱ्या भिक्षूंच्या संस्थेला कुणी काय दिलं, कोणत्या गावाचं उत्पन्न कुणी लावून दिलं, दरवाजा कुणी घडवला, सिंहस्तंभ कुणी उभारला, हे सगळं खांबांवर आणि ओसरीच्या भिंतीवर ब्राह्मी अक्षरांत आहे. आपल्याकडे देवळाच्या जिन्यात देणगीदारांच्या नावांच्या फरश्या बसवतात, तसाच हा प्रकार. फक्त दोन हजार वर्षांपूर्वीचा.

संस्थेची वाटचाल सांगायची तर आधी जागा सांगायला हवी. कुरवंड्याकडून येणारी इंद्रायणी इथे पूर्वेकडे वाहते. दक्षिणेला लोहगड आणि विसापूर, त्यांच्या पोटाशी भाजे. उत्तरेला कार्ल्याचा डोंगर, त्याच्या पायथ्याला वेहेरगाव आणि खाली जुन्या हमरस्त्यावर कार्ले. मधल्या सपाटीत भाताची खाचरं. लोणावळ्याला वर्षाकाठी चार हजार मिलिमीटरच्या पुढे पाऊस पडतो आणि पूर्वेला तळेगावकडे सरकावं तसा तो झपाट्यानं उतरतो. कार्ले या उतरणीच्या वरच्या टोकाला. जून ते सप्टेंबर इथे गावाला गाव दिसत नाही. आंबेमोहराचा हा मुलूख; १९८७ साली वडगाव मावळच्या भात संशोधन केंद्रातून आलेल्या वाणाला नदीचंच नाव मिळालं आणि आज घरोघरी ‘इंद्रायणी’ शिजतो.

हा पाऊसच संघाच्या स्थापनेचं एक कारण आहे. भिक्षूनं आठ महिने फिरावं आणि पावसाळ्यात एका जागी राहावं, हा वर्षावासाचा नियम. त्यात बोरघाटाची वाट इथूनच जायची. कल्याण आणि सोपाऱ्याच्या बंदरांत उतरलेला माल घाट चढून देशावर जायचा, तो याच खोऱ्यातून. व्यापारी वाटेत टेकायचे, भिक्षू पावसात अडकायचे आणि डोंगरात कातळ एकसंध होता. समोरच्या भाज्याची लेणी आधीची, इसवी सनापूर्वीची. कार्ल्याचा मोठा चैत्य साधारण पहिल्या शतकातला. लांबी जवळजवळ ३८ मीटर, रुंदी आणि उंची चौदा मीटरच्या आसपास, आत ३७ खांब. भारतातल्या कातळात कोरलेल्या चैत्यगृहांत हे सर्वांत मोठं. छताला लाकडी कमानी आहेत त्या मूळच्या, आणि स्तूपावरची लाकडी छत्रीही. मावळच्या दमट हवेत लाकूड दोन हजार वर्षं टिकलं आहे, याचं कौतुक मला शिल्पांहून जास्त वाटतं.

पैसा कुठून आला? या नोंदवहीचं सर्वांत वाचनीय पान हेच. वैजयंतीच्या, म्हणजे कर्नाटकातल्या बनवासीच्या, भूतपाल नावाच्या शेठजीनं हे शैलगृह पूर्ण करवलं आणि जंबुद्वीपात याच्या तोडीचं दुसरं नाही असं बेधडक लिहवून घेतलं. सिंहस्तंभ महारठी अग्निमित्रणकाचा. सोपाऱ्याच्या सातिमितानं दिलेल्या खांबात पवित्र अवशेष ठेवले होते. धेनुकाकट नावाच्या गावचे तर कितीतरी देणगीदार आहेत: तिथला गंधी सिंहदत्त, तिथला सुतार सामी, तिथल्या वाण्यांचा संघ आणि सिहधय, धम अशी इथली नावं घेतलेले परदेशी यवन. धेनुकाकट कुठे होतं यावर विद्वानांनी पुष्कळ शाई खर्च केली आहे. दामोदर धर्मानंद कोसंबींचं म्हणणं होतं की ते कार्ल्याच्या आसपासच शोधायला हवं. पुण्यात राहून या डोंगरांत पायी हिंडलेल्या माणसाचा तो अंदाज आहे आणि मला तो पटतो. पन्नास मैलांवरून सुतार कशाला बोलवतील?

एकदाच्या देणग्यांवर संस्था उभी राहते, चालत नाही. रोज जेवायला लागतं. क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात यानं म्हणून करजिक नावाचं गाव लावून दिलं, चारी दिशांकडून येऊन वर्षावासाला राहणाऱ्या प्रव्रजितांच्या निर्वाहासाठी. कामशेतजवळचं करंजगाव ते हेच, असा अभ्यासकांचा कल आहे. पुढे सातवाहन गौतमीपुत्रानं नहपानाचा पाडाव केला. नव्या राजवटीत जुनं इनाम चालू राहील का, हा प्रश्न तेव्हाही होताच. मामाळच्या, म्हणजे आपल्या मावळच्या, अमात्याला पाठवलेला अठराव्या राज्यवर्षाचा हुकूम इथे कोरलेला आहे. अभ्यासक तो गौतमीपुत्राचा मानतात. करजिक भिक्षूंकडेच राहील. तिथे सरकारी माणसानं शिरू नये, कशाला हात लावू नये, मिठासाठी जमीन खणू नये, जिल्ह्याच्या अंमलदारांनी ढवळाढवळ करू नये. सत्ता बदलली, पण संघाचा सातबारा बदलला नाही. वासिष्ठीपुत्र पुळुमावीच्या सातव्या वर्षी महारठी सोमदेवानं आणखी एक गाव करांसकट दिलं. चोविसाव्या वर्षी हरफरण नावाच्या उपासकानं नऊ खोल्यांचा मंडप महासांघिक पंथाच्या भिक्षूंच्या स्वाधीन केला. पिढ्या-दोन पिढ्यांत व्यापारी, सरदार, राजे आणि परदेशी, सगळे या डोंगराच्या हिशेबात आले.

आले नाहीत ते पायथ्याचे. करजिकाच्या बांधावर कोण राबत होतं, भिक्षूंचा वाटा कोण डोंगरावर चढवत होतं, ओसरीतला कातळ फोडणाऱ्या पाथरवटांची घरं कुठे होती, यातली एकही ओळ कोरलेली नाही. गाव दिलं जातं, घेतलं जातं, पुन्हा दिलं जातं. गाव स्वतः बोलत नाही. इंग्लंडमधल्या खेड्यांचा या बाबतीत मला हेवा वाटतो. तिथे १०८६ च्या पाहणीत गावाचे नांगर आणि कुळं मोजली गेली, आणि १५३८ पासून प्रत्येक पॅरिशच्या चर्चनं बारसं, लग्न आणि अंत्यविधी वहीत लिहायचा हुकूम झाला. त्यामुळे तिथल्या चार घरांच्या वाडीतला मजूरही अनेकदा आपला कित्येक पिढ्यांमागचा पूर्वज नावानिशी शोधू शकतो. आमच्याकडे राजाचा जावई नावानिशी सापडतो, त्याचं भात लावणारा नाही.

पाचव्या-सहाव्या शतकात लेण्याच्या दर्शनी भिंतीवर बुद्धमूर्ती आल्या. जुन्या मिथुनशिल्पांच्या बाजूला, कधी आधीची वेदिका तासून त्या बसवलेल्या दिसतात. मग संघ उतरणीला लागला, पण डोंगर ओस पडला नाही. सिंहस्तंभाचा जोडीदार जिथे असायला हवा तिथे आज एकवीरेचं देऊळ आहे. कोळी, आगरी, चांद्रसेनीय कायस्थ प्रभू अशा किनारपट्टीच्या कितीतरी घराण्यांची ही कुलस्वामिनी. चैत्र शुद्ध षष्ठीला देवघर गावात देवीचा भाऊ भैरवनाथाचा उत्सव, सप्तमीला डोंगरावर पालखी. मासळीवर जगणारी माणसं घाट चढून नवस फेडायला येतात. सोपाऱ्याचा सातिमित ज्या वाटेनं आला तीच ही वाट. संस्था बदलली, तिच्याकडे येणारा माणूस त्याच दिशेनं येत राहिला.

या वाटेनं बंदुकाही आल्या. १७७८-७९ च्या हिवाळ्यात मुंबईकर इंग्रजांची फौज रघुनाथरावांना पेशव्यांच्या गादीवर बसवायला बोरघाट चढून आली. ४ जानेवारी १७७९ ला कार्ल्याजवळ कॅप्टन स्ट्युअर्ट पडला. मराठी सैन्यानं त्याला ‘इष्टुर फाकडा’ म्हणावं इतका तो धाडसी होता. फौज तळेगावापर्यंत गेली, माघार घेताना वडगावला कोंडली गेली आणि १६ जानेवारीला वडगावचा तह झाला. स्ट्युअर्टची समाधी वडगावात आहे आणि लोक तिला नवस बोलतात. मावळ शत्रूलाही देव करून टाकतो, हा इथल्या माणसांचा स्वभाव समजायला हे एक उदाहरण पुरे.

पन्नास वर्षांनी त्याच इंग्रजांनी घाटातला रस्ता बांधला (१८३०). खंडाळा ते पुणे रेल्वे १८५८ साली, घाटातली लाइन १८६३ साली. मळवली स्टेशन लेण्यांचं प्रवेशद्वार झालं. त्याच्याही आधी हेन्री सॉल्टनं या चैत्याचं चित्र काढून विलायतेला नेलं होतं. मग वास्तुइतिहासकार फर्ग्युसननं त्यावर लिहिलं, आणि १८८१ साली जेम्स बर्जेस आणि पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी पश्चिम भारतातल्या लेण्यांचे शिलालेख छापले. भूतपाल शेठ तेव्हा पुन्हा बोलू लागला. लेणी सरकारच्या संरक्षणाखाली आली. डोंगरावर आता एक तिसरी संस्था आहे, पुरातत्त्व खात्याची. कुंपण, तिकीट आणि वेळेचा फलक हे तिचे शिलालेख.

चौथी संस्था पर्यटनाची. हमरस्त्याला पर्यटन महामंडळाचं निवासस्थान, मळवली-भाज्याच्या मधून २००२ साली पूर्ण झालेला द्रुतगती मार्ग, खाचरांच्या जागी बंगले. शनिवार-रविवारी कार्ला फाट्यावर गाडी हलत नाही. वेहेरगावच्या वाटेवर दोन्ही बाजूंना हार, ओटीचं सामान, चिक्की आणि भाजलेली कणसं. याला नावं ठेवणं सोपं आहे. पण हिशेब लावला तर कळतं की गावाला पहिल्यांदाच देणगीचा वाटा थेट हातात मिळतो आहे. उषवदाताच्या काळी यात्रेकरू आले तरी गावाचं उत्पन्न डोंगरावर जायचं. आज डोंगरावरची गर्दी गावात पैसे टाकून जाते. बंगल्यांच्या जमिनीचं मात्र तसं नाही. ती एकदा गेली की चिक्कीच्या दुकानातून परत येत नाही, आणि आंबेमोहराचं खाचर तर मुळीच नाही. माझ्या मते कार्ल्याचा खरा प्रश्न कचरा किंवा रहदारी हा नाही, खाचरं कोणाकडे राहतात हा आहे.

म्हणून कार्ले, वेहेरगाव, देवघर, शिलाटणे, भाजे या गावांतल्या मंडळींना एक विनंती आहे. तुमच्या माळ्यावरच्या पत्र्याच्या पेटीत इनामाचे, कुळकायद्याचे, पालखीच्या मानाचे, पाटीलकीचे कागद असतील. जत्रेच्या जुन्या वर्गणीच्या वह्या असतील, घर विकताना रद्दीत काढायला ठेवलेल्या. ते कागद आणि वह्या टाकून देऊ नका. पुण्यात सदाशिव पेठेत भारत इतिहास संशोधक मंडळ आहे, ते १९१० पासून असेच कागद जपत आलं आहे. तिथे दाखवा, निदान मोबाइलवर फोटो काढून ठेवा. आणि घरातलं जे सर्वांत म्हातारं माणूस असेल, त्याच्याकडून कोणत्या खाचराला काय नाव होतं आणि ते कोण कसत होतं, एवढं लिहून घ्या.